जैव-वय बासष्ट

मे महिन्याच्या बावीस तारखेला, भर दुपारी बारा वाजता, येरळा विद्यापीठाच्या जिमखान्यामागच्या तालमीत आदगोंडा मगदूम या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी हात टाकला, आणि ज्याच्यावर टाकला त्याला काही जाणवलंच नाही. परीक्षा विभागातला मारुती कोळेकर समोर उघडाबंब उभा होता. त्यानं आपल्या खांद्याकडं बघितलं, मग आदगोंडाकडं बघितलं.

"आदाप्पा, माशी हाकललीस काय रं?"

भिंतीला टेकून बसलेले अठराजण हसले. हसताना त्यातल्या निम्म्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं, कारण त्यांच्या बरगड्या आदल्याच दिवशी शेकून निघाल्या होत्या. त्यात कुलसचिवांचे लघुलेखक होते, संख्याशास्त्राचे दोन प्राध्यापक होते, बागेचे पर्यवेक्षक होते. तत्त्वज्ञानाच्या विभागप्रमुखांचा उजवा कान सुजून लालबुंद झाला होता. बायकांची सोय वेगळी, मुलींच्या वसतिगृहातल्या टेबल टेनिसच्या खोलीत. तिथला आवाज इकडच्यापेक्षा मोठा असायचा म्हणे.

शिकलीसवरलेली, पगारदार माणसं सुट्टीत तालमीत जमून एकमेकांना का बडवत होती? सांगतो. ऐकून तुम्हाला हसू येईल, पण फार वेळ टिकायचं नाही.

माणसाच्या पेशीत डीएनएची लांबलचक साखळी असते हे आता शाळेतलं पोरही सांगतं. त्या साखळीवर जागोजागी मिथिल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटलेले असतात. कुठलं जनुक चालू राहणार आणि कुठलं गप्प बसणार, हे पुष्कळसं त्यांच्यावर ठरतं. वय वाढेल तसे हे गट काही ठिकाणी वाढतात, काही ठिकाणी झडतात, आणि ते इतक्या नेमानं होतं की रक्ताचा एक थेंब घेऊन अशा हजारभर जागा तपासल्या, तर हे शरीर किती वर्षं झिजलंय ते सांगता येतं. दाखल्यावर पन्नाशीचा माणूस आतून पासष्टीचा निघतो, तर एखादी साठीची बाई आतून पंचेचाळिशीची. हे काम करणारी यंत्रं आधी मोठ्या प्रयोगशाळांतच होती. दोन हजार बेचाळीस साल उजाडेपर्यंत ती बुटाच्या खोक्याएवढी झाली. कागदोपत्री त्यांचं नाव जैव-वयमापक. लोक नुसतं घड्याळ म्हणत.

मग वरच्या साहेबलोकांच्या डोक्यात आलं की माणसं ठणठणीत असताना साठाव्या वर्षी घरी पाठवायची कशाला? जन्मतारखेवर निवृत्ती हा जुना काळ झाला. ज्याचं जैव-वय बासष्ट भरलं, तो निवृत्त. ज्याचं भरलं नाही, तो कामावर. शरीर थकलेल्याला लवकर विश्रांती आणि धडधाकट माणसाच्या अनुभवाचा संस्थेला लाभ, असं त्या धोरणाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. प्रयोग म्हणून ते सगळ्यात आधी येरळा विद्यापीठाला लागू झालं.

त्या धोरणाचं मराठी परिपत्रक लिहिलं कुणी? आस्थापना विभागाचे अधीक्षक आदगोंडा मगदूम यांनीच. अठ्ठावीस वर्षं परिपत्रकं लिहून माणूस असा तयार झाला होता की पळवाट दिसली की त्याच्या हाताला खाज सुटायची. नको असलेलं काम आलं की विद्यापीठातला माणूस डॉक्टरचा दाखला आणतो, हे त्याला पाठ होतं. म्हणून त्यानं स्वतःच्या अकलेनं कलम अकरा घातलं: साठाव्या वाढदिवशी चाचणी होईल, आजारपण, दुखापत वा अन्य कोणत्याही सबबीवर ती पुढे ढकलता येणार नाही, आणि त्या दिवशी यंत्र जो आकडा दाखवील तोच अंतिम समजला जाईल. कुलगुरूंनी या कलमाबद्दल त्याची पाठ थोपटली होती.

आणि वाढदिवस म्हणाल तर विद्यापीठातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जून. खेडोपाडी पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे. आई म्हणायची, त्या वर्षी विहिरीला पाणी लागलं तेव्हाचा आहे बघा. गुरुजी हसून एक जून लिहायचे, आणि पोरगं पहिलीत बसावं म्हणून वर्ष-दीड वर्ष वाढवूनही टाकायचे. आदगोंडाचा एक जूनही असाच गुरुजींनी दिलेला. त्या वर्षी एकट्या येरळा विद्यापीठात सत्तेचाळीसजणांची एकाच दिवशी साठ वर्षं भरणार होती.

आता उंदीर. जीवरसायन विभागातल्या एका बाईंनी उंदरांवर प्रयोग केला होता. उंदराचा पाय मोडला की त्याचं घड्याळ झपाट्यानं पुढं पळतं, हाड सांधलं की महिन्या-दोन महिन्यांत परत मागं येतं. मोठी शस्त्रक्रिया, मोठी दुखापत, जबर मार, यानं शरीर काही काळ खरोखरच म्हातारं होतं आणि मग सावरतं. बाईंनी हे चर्चासत्रात सांगितलं. चर्चासत्राला नेहमीप्रमाणं चौदा माणसं होती. संध्याकाळपर्यंत ते चौदाशेंना कळलं, आणि कुणीतरी कलम अकरा पुन्हा एकदा नीट वाचलं.

ज्यांना साठीलाच निवृत्तिवेतन घेऊन सुटायचं होतं, त्यांची तालीम तिथून सुरू झाली.

आदगोंडा त्या वाटेला आपणहून गेला नव्हता. जैनाघरचा माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणारा, कांदा-लसूण न शिवणारा, रोज पहाटे पाच किलोमीटर चालणारा. फेब्रुवारीत सगळ्यांची नमुना चाचणी झाली तेव्हा त्याचं जैव-वय निघालं त्रेपन्न. लोकांनी पेढे मागितले. तो मात्र खुर्चीत बसूनच राहिला. त्रेपन्नाचे बासष्ट व्हायला नऊ वर्षं लागणार होती, आणि त्याच्या बायकोकडे नऊ वर्षं नव्हती.

त्रिशला सत्तावन्न वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं, मग तीनदा, मग घरचा रस्ता विसरली. यंदाच्या जानेवारीत मिरजेच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं, "मगदूमसाहेब, औषधानं वेग कमी होईल, थांबणार नाही. वर्षभर, फार तर दीड वर्ष त्या तुम्हाला ओळखतील. त्या काळात जेवढं जवळ राहता येईल तेवढं राहा."

मूलबाळ नव्हतं. रजा सगळ्या संपलेल्या. राजीनामा दिला असता तर त्रिशलाचे उपचार ज्या योजनेतून चालले होते ती योजनाच बंद झाली असती. शेजारच्या राजाक्का दिवसभर तिच्याजवळ बसायच्या. आदगोंडा संध्याकाळी दारात आला की त्रिशला त्याच्याकडं टक लावून बघायची. कधी दोन सेकंद, कधी दहा. मग चेहरा उजळायचा आणि म्हणायची, "आलात होय!" ते दहा सेकंद आदगोंडाला खायला उठायचे. दिवसभर फायली हलवायच्या आणि बायकोच्या शुद्धीतले दिवस राजाक्कांनी बघायचे, या विचारानं त्याला ऑफिसात बसवेना.

कोळेकरनं हे ओळखलं. दोघं अठ्ठावीस वर्षांचे दोस्त, दुपारचा डबा एकत्र खाणारे. कोळेकर धनगराचा, अंगानं दांडगा, जिभेला हाड नसलेला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलून त्याच्या पाठीचा कणा गेला होता, तरी त्याचं घड्याळ अठ्ठावन्नावर अडकलं होतं.

"आदाप्पा, चल तालमीत. मी तुला देतो, तू मला दे."

"मला जमायचं नाही, मारुती. मी कधी कुणाला चापट मारली नाही."

"मग बस नऊ वर्षं. वहिनींना सांग, थांबा म्हणावं तंवर."

आदगोंडा त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तालमीत हजर झाला.

तालमीचे कर्तेधर्ते होते क्रीडा विभागाचे हणमंत खोत, जुने पैलवान. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता. मार घ्यायचा तर मार द्यायचा. नुसता घेऊन जायचं नाही, नुसता देऊन जायचं नाही. दोघांचे हात सारखे बरबटले की कुणी कुणाची तक्रार करत नाही, असा त्यांचा हिशोब. याला ते फेड म्हणत. मांड्या, पाठ, दंड, बरगड्या चालतील. डोकं, पोट आणि चेहरा बंद. कोपऱ्यात जीवरसायनमधून उसनं आणलेलं एक घड्याळ ठेवलेलं असायचं, रोज संध्याकाळी बोट टोचून कोण किती म्हातारा झाला ते बघायला.

"मगदूमसाहेब," खोत म्हणाले, "हातानं मारू नका. खांदा मागं घ्या, कंबर वळवा, आणि सगळं अंग त्या मुठीत सोडा. लाजू नका. समोरच्याचं भलंच करताय तुम्ही."

पहिले तीन दिवस आदगोंडाला ते जमलं नाही. मार खाणं सोपं गेलं. कोळेकर वेताच्या छडीनं त्याच्या मांड्या सोलून काढायचा, पाठीवर बुक्क्या घालायचा, आणि आदगोंडा दात आवळून उभा राहायचा. उलट्या व्हायच्या, डोळ्यांपुढं अंधारी यायची, पण माणूस हटला नाही. आपल्या पाळीला मात्र त्याची मूठ कोळेकरच्या अंगाशी येऊन ढिली पडायची. चौथ्या दिवशी एक ठोसा नीट बसला. कोळेकरच्या बरगडीतून आवाज आला, तो वाकला आणि धापा टाकत म्हणाला, "शाब्बास! आता कसं!" आदगोंडा बाहेर जाऊन नळाखाली हात धरून उभा राहिला. छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटत होतं. त्याला स्वतःचीच किळस आली. दुसऱ्या दिवशी तो पंधरा मिनिटं लवकर आला.

एकतीस मेच्या सकाळी घड्याळानं आदगोंडाला एकोणसाठ दाखवलं, कोळेकरला साठ. दुसऱ्या दिवशी चाचणी. दोघंही कमी पडत होते.

"हाड मोडल्याशिवाय व्हायचं नाही," खोत म्हणाले. "आणि हाड मोडायचं म्हणजे मारणाऱ्याला राग यावा लागतो. थंड डोक्यानं हाड मोडत नाही."

आधी पाळी आदगोंडाची. त्यानं कोळेकरच्या बरगड्यांवर पाच-सहा ठोसे घातले. कोळेकर हलला, पण मोडलं काहीच नाही.

"अरे, मार की!" कोळेकर ओरडला. "तुझ्यासारख्या नामर्दापायी माझी दोन वर्षं जाणार."

"मारतोय की."

"हे मारणं? परवा तुझ्या घरी आलो होतो. वहिनी मला म्हणाल्या, आलात होय! मला, आदाप्पा. माझा हात धरला त्यांनी. म्हणाल्या, किती उशीर केलात. मी म्हटलं, होय गं, उशीरच झाला. बसलो की शेजारी. नवरा कोण हे त्यांना तरी कुठं—"

कोळेकरनं हे मुद्दाम काढलं होतं. खोतांना कळलं, भिंतीशी बसलेल्यांना कळलं, आणि आदगोंडालाही कळत होतं. पण खांदा मागं गेला, कंबर वळली, आणि सगळं अंग मुठीत उतरलं. पहिला ठोसा बरगडीवर बसला आणि बरगडी मोडली. तिथं थांबायला हवं होतं. दुसरा तोंडावर बसला. कोळेकर तांबड्या मातीत उताणा पडला, तसा आदगोंडा त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. दोन दात मातीत पडले. नाकाचं हाड वाकडं झालं. "बास! बास!" खोत ओरडत होते. आदगोंडाच्या तोंडून कसला तरी आवाज निघत होता, रडण्याचा की हसण्याचा ते कुणालाच सांगता आलं नाही. अंगठ्याचं नख कोळेकरच्या डाव्या डोळ्यात शिरलं तेव्हा तिघांनी मिळून त्याला मागं ओढलं.

तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख भिंतीकडे तोंड करून ओकत होते. कोळेकर बराच वेळ मातीतच पडून राहिला. मग एका हातानं डोळा दाबून, दुसऱ्या हातानं भिंत धरून उठला. रक्त हनुवटीवरून छातीवर गळत होतं.

"मारुती," आदगोंडा त्याला धरायला पुढं आला.

"माझी फेड राहिलीय," कोळेकर बोबडं बोलला. खोत म्हणाले, दवाखान्यात चल आधी. कोळेकरनं मान हलवली. "मग याचं काय? याचं एकोणसाठच राहील. हात दे, आदाप्पा."

आदगोंडानं डावा हात दगडी कट्ट्यावर ठेवला. कोळेकरनं एका डोळ्यानं नेम धरून लाकडी मुद्गल त्याच्या कोपराखाली मारला. एकदा. हाड मोडलं पण कोळेकरला खात्री वाटेना, म्हणून पुन्हा एकदा. मग तेच मुद्गल बरगड्यांत. आदगोंडा किंचाळत होता आणि मनातल्या मनात म्हणत होता, अजून एक, अजून एक, त्रिशला, अजून एक.

एक जूनला सिनेट हॉलबाहेर सत्तेचाळीसजणांची रांग लागली. असली रांग मी तरी पाहिली नाही. कुणी कुबड्यांवर, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणाचं डोकं बांधलेलं. ग्रंथालयातल्या दोन मैत्रिणी एकमेकींना धरून लंगडत आल्या, दोघींच्या हाताला प्लास्टर. कोळेकरला दवाखान्यातून स्ट्रेचरवर आणलं होतं, डाव्या डोळ्यावर पट्टी. दुखापतीच्या सबबीवर चाचणी पुढे ढकलता येत नाही ना! कलम अकरा. कुलगुरू आले, रांगेवरून नजर फिरवली, काय समजायचं ते समजले आणि भाषणात म्हणाले, या संस्थेसाठी आपण किती झिजलात हे आज डोळ्यांना दिसतंय. टाळ्या वाजवायला कुणाचेच हात धड नव्हते.

कोळेकरचा आकडा आला त्रेसष्ट पूर्णांक आठ. आदगोंडाचा बासष्ट पूर्णांक एक.

जूनचे आणि जुलैचे दिवस चांगले गेले, हे सांगायलाच हवं. हात गळ्यात बांधलेला आदगोंडा दिवसभर त्रिशलाजवळ असायचा. एका हातानं तिची वेणी घालायला शिकला. दोघं सकाळी जैनांच्या बसदीत दर्शनाला जायची, येताना कट्ट्यावर बसून रस्त्यावरची माणसं बघायची. ती एकच गोष्ट दिवसातनं दहादा सांगायची, लग्नात आदगोंडाच्या टोपीवर कबुतर बसल्याची, आणि तो दहाही वेळा हसायचा. खरंच हसू यायचं त्याला. इतक्या वर्षांत आपण या बाईजवळ नुसते बसलोच नव्हतो, असं त्याच्या मनात यायचं आणि डोळे भरायचे.

जुलैच्या अखेरीला कोळेकर भेटायला आला. डाव्या खोबणीत काचेचा डोळा. आदगोंडानं त्याचे पाय धरले.

"उठ, उठ. लाज नाही वाटत?" कोळेकर म्हणाला. "मीच काढून घेतलं तुझ्याकडनं. वहिनींचं ते सगळं खोटं होतं, हे सांगायला आलोय. निजतो छान आता, पाठ दुखत नाही. एक डोळा गेला, अर्धंच दिसतं. पण जगात बघण्यासारखं अर्धंच आहे."

"मारुती, मला माफ कर."

"केलं. पण एक विचारू? पहिल्या ठोशालाच बरगडी मोडली होती. तू थांबला का नाहीस?"

आदगोंडानं आतल्या दाराकडं पाहिलं. आत त्रिशला काहीतरी गुणगुणत होती.

"गोड लागलं," तो शेवटी म्हणाला. "मला खरं सांगू दे तुला. इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं."

कोळेकर हसला नाही. त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि थोड्या वेळानं, जपून राहा, एवढंच म्हणून गेला.

ऑगस्टमध्ये त्रिशला ढासळली. गोळी तोंडात घातली की थुंकायची. आंघोळीला न्यायला गेलं की ओरडायची. आदगोंडाला ती कधी थोरला दीर समजायची, कधी घरात शिरलेला चोर. सकाळी ओळखायची, दुपारी विसरायची. तो समजूत घालायचा, गाणी म्हणायचा, पुन्हा पुन्हा सांगायचा. रात्र रात्र झोप नाही. मोडलेला हात जुळला होता. घड्याळही हळूहळू मागं येत असणार, अंगात परत ताकद आल्याचं त्याला जाणवत होतं.

अठरा तारखेला दुपारी तीन वाजता तो तिला गोळी देत होता. पाचव्यांदा. तिनं पेला उडवला, पाणी त्याच्या तोंडावर आलं. त्यानं दुसरा पेला भरला. तिनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला, रक्त येईपर्यंत, आणि ओरडली, "चोर! माझा नवरा येऊ दे, तंगडं मोडील तुझं!"

तो ठोसा कधी निघाला ते त्याला कळलं नाही. खांदा मागं, कंबर वळलेली. त्रिशला कपाटावर आपटून खाली बसली. ओठ फाटला, डाव्या गालावर वळ उठला. आदगोंडानं स्वतःकडं पाहिलं तर दुसरी मूठ तयार होती. छातीत तेच मोकळं, गोड काहीतरी उसळत होतं. बायको पायाशी पडली होती आणि त्याचं अंग दुसऱ्या ठोशाची वाट बघत होतं.

तो उलट्या पावली भिंतीपर्यंत गेला आणि दोन्ही हात पाठीमागं दाबून तिथंच उभा राहिला. त्रिशला लहान मुलासारखी हुंदके देत होती. त्याची तिच्याजवळ जायची हिंमत झाली नाही. तो तसाच उभा राहिला, दहा मिनिटं असेल, पंधरा असेल. हुंदके थांबले. तिनं पदरानं डोळे पुसले, इकडं तिकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"आलात होय!" ती म्हणाली. मग ओठाला हात लावून बोटावरचं रक्त त्याला दाखवू लागली. "अहो, हे बघा ना. मला कुणीतरी मारलं."

आदगोंडा पाठीमागचे हात भिंतीवरून सोडेना.

"कोण होता कुणास ठाऊक. मी एकटीच होते. तुम्ही असतात तर त्याची टाप होती का?"

"त्रिशला," तो म्हणाला, "मी मारलं तुला."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग हसायला लागली, फाटलेल्या ओठानं, दुखत असताना.

"काहीतरीच तुमचं! तुम्ही वाटेतली मुंगी चुकवून चालता. तुम्ही मारणार होय मला?"

त्यानं पुन्हा सांगितलं. ती पुन्हा हसली. तिन्हीसांजेपर्यंत त्यानं किती वेळा सांगितलं ते त्यालाच ठाऊक. तिनं एकदाही विश्वास ठेवला नाही, आणि दर वेळी थोड्या वेळानं ओठाला हात लावून नव्यानं विचारलं, अहो, मला कुणी मारलं?

त्या रात्री राजाक्का त्रिशलाजवळ झोपल्या. आदगोंडा बाहेरच्या ओट्यावर बसून राहिला. सकाळी त्यानं कागद घेतला आणि अठ्ठावीस वर्षांत हजारो अर्ज हाताखालून गेलेल्या त्या माणसानं चार ओळींचा अर्ज लिहिला: माझी एक जूनची चाचणी मारहाणीच्या दुखापतीमुळे चुकीची आली असून ती पुन्हा घ्यावी व मला कामावर रुजू करून घ्यावं. आस्थापना विभागात हा अर्ज वाचून लोकांना वाटलं, मगदूमसाहेबांचं डोकं फिरलं. सुटलेला माणूस परत कोण येतो? कोळेकरचा फोन आला. आदगोंडानं त्याला सगळं सांगितलं. कोळेकर नुसतं, जा, म्हणाला.

आकडा अंतिम म्हणणारं कलम अकरा आडवं आलं, पण एकदम इतक्या जागा रिकाम्या झाल्यानं कुलगुरूंनी अपवाद म्हणून सही केली. घड्याळानं पंचावन्न दाखवलं. अजून सात वर्षं. राजाक्कांनी दिवसभराची जबाबदारी घेतली, रात्रीसाठी त्यांची धाकटी जाऊ राहायला येणार होती. आदगोंडानं स्वतःसाठी विद्यापीठाजवळ एक खोली बघितली. घरी रोज यायचं, पण राजाक्का घरात असतील तेव्हाच, आणि गोळी देण्याच्या वेळी नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तो कपडे करून, हातात कापडी पिशवी घेऊन दारात आला. त्रिशला अंगणात खुर्चीवर उन्हात बसली होती. गालाचा वळ पिवळा पडत आला होता. त्या दिवशी तिला सगळं स्वच्छ दिसत होतं, दोन सेकंदही लागले नाहीत.

"कुठं निघालात?"

"ऑफिसला."

"आज नका ना जाऊ," ती म्हणाली. "बसा की माझ्याजवळ. मला किती दिवसांनी तुम्ही दिसताय."

आदगोंडानं चपला घातल्या. तिनं धरायला पुढं केलेला हात त्यानं धरला नाही, आपले दोन्ही हात पिशवीच्या बंदाला घट्ट आवळून धरले, आणि पायऱ्या उतरून रस्त्याला लागला.